जीपचे अकरा पाटे आणि रेतीची दोन पोती

मी, वनमाला बळवंत कांदळगावकर, वय वर्षे सहासष्ट, बी.एस्सी. (१९४१), निवृत्त शिक्षिका, राहणार वाकोला, सांताक्रूझ पूर्व, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर आहे. मला कोणी धाक घातलेला नाही आणि शेजारी बसून कोणी मजकूर सांगत नाही. याआधी मी मृत्युपत्र केलेले नाही, त्यामुळे रद्द करण्यासारखेही काही नाही. पोटातल्या गाठीबद्दल डॉक्टर सुगंधा नाबर हिने मला दिवाळीपर्यंतचा अंदाज दिला आहे. सुगंधा माझी विद्यार्थिनी. तिचा अंदाज चुकणार नाही.

वकिलांनी एक मसुदा करून दिला होता. तो मी परत केला. त्यात ‘सदरहू’ एकोणीस वेळा होते आणि माझा मुलगा एकदाही नव्हता.

कलम १. वाकोल्याचे घर, म्हणजे दोन खोल्या, मागची पडवी आणि गाडीची शेड, माझ्या एकटीच्या नावावर आहे. ते माझी मुलगी सौ. माणिक कुंडलिक शिरोडकर, राहणार मुलुंड, हिला मिळावे आणि तिच्या एकटीच्या नावावर व्हावे. जावई कुंडलिकराव सज्जन आहेत, पण घरात पाऊल टाकले की ते छताकडे पाहतात, आणि ते मनात मजले चढवत असतात हे मला कळते. घर ठेवायचे की विकायचे हे माणिकने ठरवावे. मात्र कलम ६ मधले काम आधी करावे.

कलम २. बँकेतली ठेव आणि पोस्टातली सर्टिफिकिटे माणिकला. माझ्या दोन पाटल्या तिच्या मुलीला. त्या मोडून नव्या घडणीचे काही करायचे असल्यास खुशाल करावे. मोडण्याला माझा विरोध नाही.

कलम ३. भौतिकशास्त्राची पुस्तके आणि माझा स्प्रिंगचा तराजू, ज्या शाळेत मी तेहतीस वर्षे शिकवले तिच्या प्रयोगशाळेला द्यावीत. निरोपाच्या दिवशी शाळेने मला भिंतीवरचे घड्याळ दिले होते. ते पहिल्या महिन्यापासून मागे पडते. तेही परत द्यावे.

माझे धाकटे दीर सहदेव यांनी यजमानांच्या बाराव्याला आमचा छताचा पंखा ‘चार दिवसांसाठी’ नेला. त्याला पाच वर्षे झाली. तो त्यांनी ठेवावा. तो फिरताना कुरकुरतो. त्यांना माझी आठवण त्या निमित्ताने राहील.

कलम ४. हे कलम मिळकतीचे नाही. माझ्या तेराव्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी दहा वाजता माणिकने आमच्या गल्लीच्या तोंडाशी, नळाजवळ, गुणाजी मेस्त्री यांच्या बंद दुकानासमोर उभे राहून हे मोठ्याने वाचावे. तिला पुटपुटायची सवय आहे. त्या दिवशी पुटपुटू नये.

माझे यजमान बळवंत गिरणीत फिटर होते. १९५१ साली नोकरी सोडून त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप घेतली, डावीकडे स्टिअरिंग असलेली. तिच्यातून ते अंधेरीच्या कारखान्यातला बर्फ मढच्या कोळ्यांना पोचवत आणि येताना मासळीच्या टोपल्या घेऊन येत. गाडीच्या पाट्यांचे काम गुणाजी धोंडू मेस्त्री करीत. दोघे एका गावचे, एका बाकावर बसलेले. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या. त्या लवतात, म्हणून आत बसणाऱ्याची हाडे शाबूत राहतात आणि चाक रस्ता सोडत नाही. आमच्या जीपला मागे दोन्ही बाजूंना नऊ-नऊ पाटे होते.

१९७४ पर्यंत ते पाटे थकले. चार लाद्या बर्फाच्या सहा झाल्या होत्या. भरली गाडी मागून बसकण मारल्यासारखी दिसे, आणि मार्वेच्या पुढे खडी उघडी पडलेल्या रस्त्यावर पाटे वर जाऊन सांगाड्यावर आपटत. जोर वाढवायला हवा होता. गुणाजी मेस्त्री पडवीत येऊन बसले, चहा बशीत ओतला आणि म्हणाले, “वयनी, हेच नऊ नये करूया. नि वर एक ल्हान कमान वेगळी बसवूया. ओजां इला की ती टेकतली, ओजां उतारला की सुटतली. भरली गाडी पण बरी, रिकामी पण बरी.”

मी विचारले, “भावोजी, दिवस किती लागतील?”

“पंदरा तरी.”

“नारळी पौर्णिमा आठ दिवसांवर आली. होड्या सुटल्या की बर्फ मागतील. त्यापेक्षा आहेत त्यातच दोन-दोन वाढवा. नऊचे अकरा करा.”

“अकरा पाट्यांर भरली गाडी राणीसारखी चलतली. रिकामी पिसाळतली, वयनी. खड्ड्यार मागची चाकां जमीन सोडतली.”

मी आतून वही आणली आणि त्यांना गणित करून दाखवले. इतके पाटे, इतके ओझे, इतका वाक. गणित बरोबर होते. ते भरलेल्या गाडीचे होते.

बळवंत हसून म्हणाले, “गुण्या, घरात बी.एस्सी. आहे. तुझं काय चालणार?”

मेस्त्री हसले नाहीत. “बरां. मगे रिकामी काडशात तेव्हा मागे रेतीची दोन पोती टाका. ह्यां तरी आयका.”

अकरा पाटे बसले. हंगामभर गाडी सहा लाद्या घेऊन न कुरकुरता गेली, आणि मी गुणाजी मेस्त्रींना दोनदा बोलून दाखवले. रेतीची पोती शेडमध्ये असत. रिकामी गाडी काढायची असेल तेव्हा माझा मुलगा नंदकुमार ती आपण होऊन मागे टाकी. तो तेवीस वर्षांचा होता, आणि गुणाजीकाकांनी सांगितलेले त्याला माझ्या गणिताहून जास्त पटे.

मे १९७५ मध्ये मी पडवीच्या मोरीला कट्टा बांधून घेतला. गवंड्याला रेती कमी पडली. तो म्हणाला, उद्या आणतो. मला उद्या हा शब्द आवडत नाही. मी शेडमधली दोन पोती दाखवली आणि म्हणाले, ही घ्या.

रविवार, ८ जून. होड्या किनाऱ्यावर ओढून झाल्या होत्या, बर्फाचे काम थांबले होते. मढच्या खोपटात आमची रिकामी पिंपे पडली होती, ती आणायला नंदकुमार निघाला. शेडमधून त्याने हाक मारली, “आई, पोती कुठायत?”

“मोरीच्या कट्ट्यात गेली.”

“अगं, मग मागे काय टाकू? काका ओरडतील ना.”

“ओरडू देत. बी.एस्सी. मी आहे की ते? एक दिवस पोती नसली तर काही बिघडत नाही. नीघ, ऊन चढेल.”

तो गेला. मार्वेच्या पुढच्या वळणावर खडीत मागची चाके उडू लागली, गाडी आडवी झाली आणि त्याच्यावर पडली. त्याला खालून काढायला कोळीवाड्यातले नऊ जण लागले.

गाडी ओढून आणली तेव्हा मागचा उजवा दुसरा पाटा तुटून दोन तुकडे झालेला होता. मी तो हातात घेतला. आधीपासून चीर असलेला पाटा तुटला तर तुटल्या जागी गंजाची रेघ दिसते. कच्चा पाटा वेगळा तुटतो. हा तुकडा कडेपासून कडेपर्यंत चांदीसारखा चकाकत होता. पाटा चांगला होता. गाडी आदळली म्हणून तो तुटला, तो तुटला म्हणून गाडी आदळली नव्हती. हे मला त्याच वेळी, तिथेच उभी असताना कळले. मी तेहतीस वर्षे हेच शिकवले.

बळवंत माझ्या हातातून एक तुकडा घेऊन गल्लीच्या तोंडाशी गेले. मीही मागोमाग गेले. नळावर पाण्याची रांग होती. त्यांनी तो तुकडा दुकानाच्या भट्टीपुढे फेकला आणि त्यांचा आवाजच फुटेना. म्हणून मी बोलले. मी म्हणाले, “मेस्त्री, पाटा कच्चा होता. तुम्ही माझा मुलगा मारलात.” रांगेतल्या सगळ्यांनी ऐकले.

गुणाजी मेस्त्रींनी तुकडा उचलला, पाहिला आणि परत खाली ठेवला.

त्यानंतर त्यांच्याकडे टॅक्सीवाले येईनासे झाले, मग ट्रकवाले. दोन वर्षांत भट्टी विझली. ते अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत वॉचमन म्हणून लागले, पोलाद ओळखणारे हात काठी धरून बसले. बळवंत १९८१ मध्ये गेले. शेवटच्या आठवड्यात गुणाजी मेस्त्री इस्पितळाच्या दारापर्यंत आले होते. बळवंतांनी भिंतीकडे तोंड फिरवले. मी खाटेपाशी बसले होते. दोन वाक्ये पुरली असती. मी उशी नीट केली.

तर मी जाहीर करते की पाटे निर्दोष होते, काम चोख होते, इशारा वेळेवर दिला होता आणि रेती मी काढली. माझा मुलगा माझ्या घाईने आणि माझ्या शहाणपणाने गेला. गुणाजी धोंडू मेस्त्री यांचा त्यात काहीही दोष नाही. तुटलेल्या पाट्याचे दोन्ही तुकडे मी अकरा वर्षे तेल लावून ट्रंकेत ठेवले आहेत. वाचताना माणिकने ते हातात धरावेत आणि ज्याला पाहायचे त्याला तुटलेली जागा पाहू द्यावी.

रांगेत त्या दिवशी उभ्या असलेल्यांपैकी सखुबाई वारली, बाकीची कुटुंबे विरार-नालासोपाऱ्याकडे गेली. ऐकायला कोणी ओळखीचे उरलेले नाही हे मला माहीत आहे. तरी वाचावे.

हे मी जिवंतपणी का सांगितले नाही, असे माणिक विचारील. गेल्या मार्चमध्ये मी गेले होते. मेस्त्री खोलीच्या दारात ड्युटीचे बूट घालत होते.

मी म्हणाले, “भावोजी, चूक माझी होती.”

“मेस्त्री म्हणा. नळार म्हटलास तसां.”

“पोती मी काढली होती.”

त्यांनी बुटाची नाडी बांधली. सावकाश. मग म्हणाले, “माका म्हायत आसा. गाडी ओढून हाडली तेव्हा मी आत बगलंय. रेतीचो एक कण नाय होतो.”

“मग तुम्ही बोलला का नाहीत? अकरा वर्षं?”

“कोणाक सांगू? बळवंताचो झील गेलो. आता तेच्या बायलेवयलो इश्वास पण काडून घेव?” एवढे बोलून ते उठले. “जावा, बाई. माजी ड्युटी आसा.”

ते मला वयनी म्हणाले नाहीत. मी परत आले.

कलम ५. जीप शेडमध्ये आहे. सांगाडा सरळ करून घेतला आहे, टायर गेलेले आहेत. गेल्या वर्षी मी अंधेरीच्या एका कारखान्यातून तिच्यासाठी नवे पाटे करून घेतले. दोन्ही बाजूंना नऊ-नऊ, आणि वर एक-एक लहान वेगळी कमान, १९७४ साली सांगितली होती तशीच. तिथला तरुण इंजिनिअर म्हणाला, “बाई, गाडी चालू आहे का?” मी म्हणाले, नाही. “मग स्प्रिंगा कशाला?” मी त्याला ड्रॉइंग पुन्हा दाखवले आणि माप चुकवू नका असे सांगितले. पाटे ग्रीस लावून, गोणपाटात गुंडाळून माझ्या खाटेखाली ठेवले आहेत. रिकाम्या गाडीत पोती टाकावी लागणार नाहीत, असे ते पाटे आहेत. रिकामी गाडी काढणारा कोणी उरलेला नाही.

जीप, नवे पाटे, यजमानांची सगळी हत्यारे आणि लोखंड पकडायचा वाईस ही गुणाजी धोंडू मेस्त्री यांना द्यावीत. पाटे त्यांनीच बसवावेत किंवा त्यांच्या देखत बसवले जावेत. दुसऱ्या कोणी ते बसवू नयेत.

(कलम ५ मधला हा दुसरा परिच्छेद मी आज खोडला आहे. कारण शेवटी लिहिले आहे. व. ब. कां.)

कलम ६. पडवीतला मोरीचा कट्टा फोडावा. अकरा वर्षे मी त्याच कट्ट्यावर बसून भांडी घासली आणि कपडे धुतले. तो फोडून घ्यायला मी दोनदा गवंडी बोलावला आणि दोन्ही वेळा चहा देऊन परत पाठवला. सिमेंटमध्ये गेलेली रेती सुटी होत नाही हे मला शिकवायला नको. तरीही फोडावा. तुकडे दोन पोत्यांत भरून गाडीच्या मागे ठेवावेत. हे करताना कुंडलिकराव हसले तर माणिकने त्यांना हसू द्यावे.

कलम ७. मला जाळावे. राख समुद्रात सोडायची तर मढला सोडू नये, जुहूला सोडावी. मढचा रस्ता मी पुन्हा करू इच्छित नाही. दहाव्याला भाषणे नकोत. माझ्या शिस्तीचे कौतुक कोणी करू लागल्यास त्याला थांबवावे.

कलम ८. हे मृत्युपत्र अमलात आणण्याचे काम माणिकने करावे. ती रडत बसेल. रडून झाल्यावर करावे.

इथपर्यंत मी काल लिहिले. आज सकाळी सह्या व्हायच्या होत्या. पहिली साक्षीदार डॉक्टर सुगंधा वेळेवर आली. दुसरे साक्षीदार, शेजारचे भिकाजी चोडणकर, यांचा निरोप आला की ताप आहे. आम्ही कोणाला बोलवावे हा विचार करत होतो, तेवढ्यात गुणाजी मेस्त्री दारात उभे राहिले. वॉचमनचा गणवेश, हातात टोपी. गाडी त्यांच्या नावे केल्याचे माणिकने त्यांना काल संध्याकाळीच जाऊन सांगितले होते. तिला मी सांगू नकोस म्हटले होते. तिने या खेपेला माझे ऐकले नाही.

ते म्हणाले, “माजा नाव तेच्यात घातलास, आयकलंय.”

“घातलंय.”

“काड. गाडी माका नको.”

“पाटे तरी पाहा. तुम्ही सांगितले होते तसे केलेत.”

त्यांनी खाटेखाली वाकून गोणपाट बाजूला केले आणि वरच्या लहान कमानीवर अंगठा फिरवला. “पोलादाचो टेम्पर बरो आसा. माप पण बरोबर.” मग दोन्ही हात माझ्यापुढे धरले. ते थरथरत होते. “पण घालतलो कोण?”

मी खुर्ची दिली. ते बसले नाहीत. त्यांनी कागदाकडे बोट दाखवले. “माका काय नको. फक्त जा काय लिवलास, ता वाच. मगे साक्षीदार म्हणान मी सही करतंय.”

वकिलांनी मला बजावले होते की ज्याला काही द्यायचे त्याची साक्ष घेऊ नये, उद्या कोणी शंका काढील. मी ते त्यांना सांगितले.

“म्हणानच इलंय,” ते म्हणाले. नाव आधी काढायचे, मग सही.

मी त्यांच्या आणि सुगंधाच्या समोर कलम ५ मधले त्यांचे नाव खोडले. जीप, पाटे आणि हत्यारे आता माणिकची. ती भंगारवाल्याकडे जातील. पाटे कदाचित दुसऱ्या कुठल्या तरी गाडीला लागतील, आणि दुसऱ्या कोणी बसवू नयेत ही अट आता ठेवण्यात अर्थ नाही. तीही काढली.

मग मी कलम ४ वाचले. उभी राहून, मोठ्याने. सुगंधा खिडकीकडे पाहत राहिली. मेस्त्रींनी मान खाली घालून सगळे ऐकले. मध्ये एकदाच, गंजाच्या रेघेपाशी, मान हलवली. मी ट्रंकेतून तुकडे काढून त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी तुटलेली जागा उजेडाकडे धरून पाहिली, रुमालाने पुसली आणि तुकडे परत माझ्या हातात दिले.

वाचून झाल्यावर ते कागदाजवळ आले. मग पेन मागितले. सही करायला वाकले आणि तसेच थांबून म्हणाले, “वयनी, ह्यां बळवंताक कोण वाचून दाखवतलो?”

त्याची तरतूद या कागदात नाही.

वरील सर्व मजकूर माझा आहे, खाडाखोड माझी आहे, आणि मी तो दोन्ही साक्षीदारांसमोर वाचून सही केली आहे. साक्षीदारांनीही माझ्यासमोर आणि एकमेकांसमोर सह्या केल्या आहेत.

ठिकाण: वाकोला, सांताक्रूझ पूर्व
तारीख: ९ ऑगस्ट १९८६

सही: वनमाला बळवंत कांदळगावकर

साक्षीदार १: डॉ. सुगंधा नाबर. लिहून देणारी पूर्ण शुद्धीवर आहे, असे मी तिला तपासून लिहून देते.

साक्षीदार २: गुणाजी धोंडू मेस्त्री. धंदा: पाटे बनविणे. (इथे त्यांनी आधी ‘वॉचमन’ लिहिले होते. ते त्यांनी स्वतः खोडले आहे.)